उशिरा झालेले सिझेरियन, बाळाला झालेली इजा आणि कायदेशीर मार्ग : माहिती व अनुभव हवेत

खाडीपलीकडे

नमस्कार. हा धागा मी माझ्या धाकट्या बहिणीच्या वतीने काढतो आहे. तिने मजकूर वाचून होकार दिल्यावरच तो येथे टाकला आहे. गावाचे, रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. कोणाला अंदाज आला तरी कृपया लिहू नये.

बहीण पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी आली होती. दिवस पूर्ण भरलेले होते आणि सगळ्या सोनोग्राफी व्यवस्थित होत्या. रात्री पाणी गेल्यावर आम्ही तिला तालुक्याच्या गावातील एका खासगी प्रसूतिगृहात दाखल केले. सकाळी सलाईनमधून कळांचे औषध सुरू झाले. दुपारी पाणी हिरवट दिसू लागले, तरी 'पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच, धीर धरा' एवढेच उत्तर मिळत राहिले. सिझेरियन करायचे ठरले तेव्हा भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून यायचे होते. बाळ जन्मतः रडले नाही. त्याला पिशवीने श्वास देत जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, तेथे काचेत ठेवले, आणि पहिल्याच रात्री झटके सुरू झाले. आता भाचा दीड वर्षाचा होऊन गेला आहे. मान अजून नीट धरत नाही, बसत नाही, आणि डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असे निदान केले आहे.

आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे आणि त्यात एक ओळ अशी आहे : 'नातेवाईक नॉर्मल प्रसूतीसाठी आग्रही.' असा आग्रह आमच्यापैकी कोणीही धरला नव्हता. उलट 'सिझर करायचे तर करा, पण पोरीचे हाल थांबवा' असे आईने दुपारीच सांगितले होते. हा उशीर कायद्याच्या भाषेत निष्काळजीपणा ठरतो का, दाद कोठे मागायची, आणि आता वेळ निघून गेली आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुपारीची_बाग

वाचून फार वाईट वाटले. तरीही स्पष्ट लिहितो. या वाटेला जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. तालुक्याच्या गावात प्रसूतीचे डॉक्टर एक किंवा दोन असतात, आणि उद्या शेजारच्या घरातील सुनेला तेथेच न्यावे लागते. निकाल लागेपर्यंत मूल शाळेत जाण्याच्या वयाचे होईल. तोच पैसा आणि तेच बळ बाळाच्या उपचारांवर खर्च करावे असे माझे मत आहे.

जांभा_वकील

सुपारीची_बाग यांचा मुद्दा मी नंतर घेतो, कारण आधी तारखेचे बोलणे भाग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे. इजेचे स्वरूप नंतर कळले, म्हणून मुदत निदानाच्या दिवसापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो. परंतु येथे बाळाला पहिल्याच रात्री झटके आलेले आहेत, त्यामुळे समोरचे वकील जन्मतारखेवरच बोट ठेवतील. म्हणून जन्मतारखेपासूनच २ वर्षे धरून चाला. वेळ गेलेली नाही, पण फारशी उरलेलीही नाही.

मूल अल्पवयीन असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या दिवाणी दाव्याची मुदत, मुदत कायद्याच्या (लिमिटेशन ॲक्ट) कलम ६ नुसार, ते सज्ञान होईपर्यंत सुरू होत नाही, हे खरे आहे. मात्र त्या भरवशावर बसून राहू नये. अठरा वर्षांनी कागद राहत नाहीत, साक्षीदार राहत नाहीत, आणि पैशाची गरज आज आहे.

आज करायचे काम एकच आहे. प्रसूतिगृहाकडे संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाईकाने मागितल्यास ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षे जपून ठेवावे लागतात. अर्जात कारण लिहू नका, आरोप तर अजिबात करू नका. अर्ज बहिणीच्या सहीने जाऊ दे.

रापण

नव्या कायद्यातून डॉक्टरांना वगळले आहे असे मध्यंतरी वाचले होते. मग ग्राहक आयोगात कसे जाणार?

जांभा_वकील

वगळलेले नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९ च्या कायद्यात 'आरोग्यसेवा' हा शब्द व्याख्येत नाही, म्हणून वाद झाला. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

रापण

आणि वकिलांना मात्र २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक कायद्यातून बाहेर ठेवले, हेही सांगून टाका. म्हणजे सल्ला चुकला तर आम्ही तुमच्यावर तक्रार करू शकणार नाही.

जांभा_वकील

येथील सल्ला विनामूल्य आहे, त्यामुळे तुम्ही तसेही ग्राहक ठरत नाही.

तळकोकण_प्रसूतितज्ज्ञ

मी स्वतः याच व्यवसायात, याच किनारपट्टीवर आहे, त्यामुळे माझे लिहिणे काहींना पक्षपाती वाटेल. तरीही दोन्ही बाजू मांडतो.

प्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत. उशीर झाला का, हा पहिला प्रश्न आणि त्या उशिरामुळेच ही इजा झाली का, हा दुसरा. कुटुंबाला पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे वाटते. खटले मात्र बहुधा दुसऱ्यावर अडतात. सेरेब्रल पाल्सीच्या बहुसंख्य मुलांमध्ये कारण प्रसूतीच्या वेळचे नसते. अपुऱ्या दिवसांचे बाळ, गर्भातील संसर्ग, मेंदूच्या वाढीतील दोष, जनुकीय कारणे अशी मोठी यादी आहे. प्रसूतीदरम्यान प्राणवायू कमी पडला असे म्हणण्यासाठी काही खुणा एकत्र लागतात : १, ५ आणि १० मिनिटांचे अपगार गुण (जन्मल्यावर बाळाची अवस्था १० पैकी मोजणारे), जन्मानंतर लगेच नाळेतील रक्ताची आम्लता, पहिल्या काही तासांतच दिसलेली, प्राणवायूअभावी येणारी सुस्ती आणि झटके, आणि एमआरआय. ऐन वेळी अचानक आणि तीव्र प्राणवायू तुटला तर मेंदूच्या खोल भागातील केंद्रांवर परिणाम दिसतो. हळूहळू, दीर्घकाळ कमी पडत गेला तर रक्तवाहिन्यांच्या सीमेवरील भाग बाधित होतो. छोट्या प्रसूतिगृहांत नाळेच्या रक्ताची तपासणी होत नाही, त्यामुळे बाळ जेथे दाखल केले तेथील पहिल्या काही तासांतील रक्ताचे अहवाल फार मोलाचे असतात.

आता पहिला प्रश्न. कळांचा काळ लांबणे हा स्वतःहून गुन्हा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या प्रसूती-निरीक्षण तक्त्यात सक्रिय कळा ५ सेंटिमीटरपासून धरतात आणि त्या टप्प्यावर ६ तासांपर्यंत प्रगती नसेल तर सावध व्हायला सांगतात. म्हणजे थांबणे शास्त्राला धरूनही असू शकते. परंतु थांबायचे तर पाहत थांबायचे. बाळाचे ठोके पहिल्या अवस्थेत दर ३० मिनिटांनी आणि जोर काढण्याच्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी ऐकून लिहायचे असतात. ११० ते १६० ही सर्वसाधारण मर्यादा आहे. हिरवे पाणी म्हणजे लगेच सिझेरियन असे नाही, पण हिरवे पाणी आणि त्यावर कळा वाढवणारे औषध चालू असताना ठोक्यांवर जास्त बारीक लक्ष हवे. ठोके बिघडले असतील तर ते सलाईन बंद केले का आणि किती वाजता केले, हे कागदात पाहा.

'निर्णयापासून ३० मिनिटे' हा आकडा सगळीकडे फिरतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत जिवाला तत्काळ धोका असेल तर ३० मिनिटे आणि त्याखालच्या तातडीसाठी ७५ मिनिटे असे दिले आहे. आमच्याकडे भूलतज्ज्ञ तीन तालुके सांभाळतो आणि पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवे पडलेले असते. भारतातील न्यायालये घड्याळ लावून निकाल देत नाहीत; त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टराने काय केले असते, हे पाहतात.

बिब्बा

डॉक्टरसाहेब, रस्त्यावरील झाडाचा मुद्दा मला पटला नाही. भूलतज्ज्ञ जवळ नाही हे तुम्हाला रुग्ण दाखल करतानाच माहीत असते. मग पहिलटकरणीला पाणी गेल्यावर ठेवून घेताना 'आमच्याकडे गरज पडल्यास सिझेरियनला इतका वेळ लागेल' असे सांगायला नको का? ते कळले असते तर या लोकांनी रात्रीच चिपळूण किंवा रत्नागिरी गाठली असती. साधनांची कमतरता ही ढाल होऊ शकते, पण ती कमतरता लपवली नसेल तरच.

तळकोकण_प्रसूतितज्ज्ञ

बिब्बा, तुमच्याशी सहमत आहे. वेळेवर पुढे न पाठवणे हा कित्येकदा सिझेरियनच्या उशिरापेक्षा मोठा दोष ठरतो, आणि असावाही. एवढेच जोडतो की आम्ही लवकर सिझेरियन केले की 'पैशासाठी पोट फाडले' म्हणणारे लोकही हेच असतात. खाडीपलीकडे यांच्या कुटुंबाविषयी हे म्हणत नाही.

कुडाळची_माई

आमचा अनुभव सरकारी रुग्णालयाचा आहे. मुलीचे बाळ अंगाने मोठे होते, खांदा अडकला आणि ओढून काढताना उजव्या हाताच्या नसांना मार बसला. हात लुळा पडला. सुरुवातीलाच सांगितले असते की मूल मोठे आहे, तर आम्ही गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो असतो. सिंधुदुर्गातील अर्धे लोक अवघड बाळंतपण म्हटले की तिकडेच धावतात. आम्ही ग्राहक आयोगाकडे विचारणा केली तेव्हा 'मोफत सेवा होती, येथे चालणार नाही' असे उत्तर मिळाले आणि आम्ही गप्प बसलो. सुदैवाने नियमित व्यायामाने नातीचा हात पुष्कळ सुधारला. वर उचलताना अजून अडखळतो. माहितीचा अधिकार वापरून कागद मिळाले होते, १० रुपयांच्या अर्जावर.

जांभा_वकील

माई, तुम्हाला मिळालेले उत्तर अर्धे बरोबर होते. जेथे सगळ्यांनाच सेवा पूर्णपणे मोफत आहे ते रुग्णालय शांता निकालाप्रमाणे ग्राहक कायद्याबाहेर जाते. पण जेथे काही रुग्णांकडून शुल्क घेतात आणि काहींना मोफत देतात, तेथे मोफत सेवा मिळालेला रुग्णही ग्राहक ठरतो. रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर पडले तरी दिवाणी दावा आणि उच्च न्यायालयातील रिट याचिका हे मार्ग उरतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, मात्र तेथे घटनेपासून १ वर्षाची मर्यादा आहे. तमिळनाडूतील एका सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी वेळेत न झाल्याने तिची दृष्टी गेली, त्या व्ही. कृष्णकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १.८ कोटी रुपये देण्यास सांगितले आणि पुढील खर्चाचा हिशेब करताना महागाईही धरली. सरकारी आहे म्हणून हात टेकायचे कारण नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेले आहे. रायगडकरांना मात्र मुंबईच.

सुपारीची_बाग

१.८ कोटी वाचून कोणी हुरळून जाऊ नये. त्या मुलीचा जन्म १९९६ चा आणि निकाल २०१५ चा. कुणाल साहा यांच्या पत्नीचा चुकीच्या उपचारांनी मृत्यू १९९८ मध्ये झाला आणि जवळपास ६ कोटींचा निकाल २०१३ मध्ये आला. तोही ते स्वतः डॉक्टर असल्यामुळे लढू शकले.

रापण

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. कोकणी माणसाला वाट पाहण्याचा सराव इतरांपेक्षा जास्त आहे.

जांभा_वकील

कायद्यात ३ महिन्यांत निकाल द्यावा असे लिहिले आहे आणि तसा तो लागत नाही, हे मान्य. तरीही जिल्हा आयोगातच समाधानकारक निकाल लागून थांबलेली प्रकरणेही असतात. त्यांची बातमी होत नाही इतकेच. समोरच्याने अपील केले तर राज्य आयोगात जाण्यापूर्वी मंजूर रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. रुग्णालयाला दिलेले बिल ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कोणत्या आयोगात जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. त्यामुळे तालुक्याच्या प्रसूतिगृहातील बहुतेक सगळी प्रकरणे जिल्ह्यातच दाखल होतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री आणि बालक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे.

आंबोळी

माझ्या मते इतके सोज्वळ राहून काही होत नाही. रुग्णालयासमोर फलक घेऊन बसा, पत्रकार बोलवा, पोलिसांत गुन्हा नोंदवा. दोन दिवसांत तडजोडीला येतील.

बिब्बा

आंबोळी, तडजोडीला येतील किंवा तुमच्यावरच गुन्हा दाखल करतील. रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि गर्दीत एक काच फुटली तरी तो लागतो. त्यात बाळाच्या आईची ससेहोलपट वेगळी.

जांभा_वकील

फौजदारी बाजूविषयी : जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर गुन्हा चालवायला साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे. भारतीय न्याय संहितेतील ज्या कलम १०६ ची चर्चा होते ते मृत्यूसाठी आहे. येथे बाळ हयात आहे, त्यामुळे फार तर कलम १२५ चा विचार होईल. फौजदारी तक्रारीतून बाळाच्या उपचारांना रुपया मिळत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि ती समांतर चालू शकते. कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा नोंदणी काही काळ रोखू शकते, पण भरपाई देत नाही.

तडजोडीचे म्हणाल तर, गंभीर इजा किंवा मृत्यूची वैद्यकीय प्रकरणे आयोगाकडून मध्यस्थीला पाठवली जात नाहीत, असा २०२० चा नियम आहे. दोन्ही पक्ष आपापसांत समेट करू शकतात. पण मुलाच्या पुढच्या खर्चाचा अंदाज हाती येण्यापूर्वी कोणत्याही कागदावर सही करू नका.

निवृत्त_सिस्टर

मी प्रसूतिकक्षात आयुष्य घालवले आहे. खाडीपलीकडे, केसपेपर मिळाल्यावर कागदांची यादी करून पाहा, कारण प्रती देताना नेमके काही कागद राहून जातात. दाखल करतानाची नोंद, प्रसूतीचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, ठोक्यांचा तक्ता, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा यंत्रावर आलेख काढणारी तपासणी) केली असेल तर तिची पट्टी, सिस्टरांच्या पाळीच्या नोंदी, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, शस्त्रक्रियेची नोंद, भुलेची नोंद आणि बाळाची नोंद. एनएसटीची पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते. ती काळाने फिकी पडते, म्हणून मूळ पट्टीचा फोटो काढू द्यावा असे सांगा. भुलेची नोंद वेगळा माणूस लिहितो, हे विसरू नका.

'नातेवाईक आग्रही' ही ओळ मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती खरी असतानाही पाहिली आहे. 'आमच्यात कोणाचे सिझर झालेले नाही' असे म्हणत सासूबाई दारात उभ्या राहिल्याचे प्रसंग कोकणात कमी नाहीत. परंतु कळा देणारी बाई शुद्धीवर होती, सज्ञान होती. नकार असेल तर तो तिचा, तिच्या सहीने, धोका समजावून सांगितल्याच्या नोंदीसह असायला हवा.

जांभा_वकील

सिस्टरांनी नेमके सांगितले. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले : रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिची, नातेवाइकांची नव्हे. नकारालाही तेच लागू पडते.

पारिजात_फिजिओ

मी या धाग्यात वेगळ्या कारणासाठी लिहिते आहे. खटला चालो वा न चालो, दीड वर्षाच्या बाळाचे उपचार थांबता कामा नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, तेथे व्यायाम, वाचा आणि श्रवण यांची तपासणी मोफत होते. भाच्याचे डोळे आणि कान तपासले का? गिळताना ठसका लागतो का? ताठरपणा असेल तर खुब्याचे एक्स-रे ठरावीक काळाने काढावे लागतात, कारण सांधा हळूहळू निसटतो आणि मूल ते सांगू शकत नाही. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढा. नॅशनल ट्रस्टची निरामय योजना सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना १ लाखापर्यंत आरोग्य विमा देते आणि त्यात व्यायामोपचारही येतात. सगळ्या पावत्या, रिक्षाच्या खर्चासह, वहीत लिहीत जा.

रापण

जन्मल्यावर बाळाला थंड ठेवण्याचा उपचार असतो असे ऐकले आहे. तो केला नाही, हाही निष्काळजीपणा धरता येईल का?

तळकोकण_प्रसूतितज्ज्ञ

जपून. शरीराचे तापमान ७२ तास सुमारे ३३.५ अंशांवर ठेवणारा तो उपचार जन्मापासून ६ तासांत सुरू करावा लागतो आणि श्रीमंत देशांत तो रूढ आहे. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही आणि मृत्यू उलट वाढलेले आढळले. तो मुद्दा तक्रारीत घातलात तर समोरचे तज्ज्ञ पहिल्याच उलटतपासणीत तो मोडतील आणि उरलेल्या चांगल्या मुद्द्यांचे वजन कमी होईल.

खाडीपलीकडे

सर्वांचे आभार. मधल्या काळात बहिणीच्या सहीने अर्ज दिला. पहिल्यांदा 'डॉक्टर बाहेरगावी आहेत' असे सांगितले, मग स्पीड पोस्टाने पाठवल्यावर प्रती मिळाल्या. निवृत्त सिस्टरांच्या यादीप्रमाणे पाहिले तर पार्टोग्राफ नाही आणि एनएसटीची पट्टीही नाही.

ठोक्यांचा तक्ता आहे. सकाळपासून दर अर्ध्या तासाला १४०, १४०, १४२, १४० असे आकडे एकाच शाईत, एकाच उतारात, एकाखाली एक लिहिलेले आहेत. पाळी बदलल्याच्या वेळेनंतरही अक्षर तेच आहे. 'हिरवे पाणी' ही नोंद ४.३० ची असून त्यातील ४ गिरवलेला आहे. सिझेरियनचा निर्णय ४.५० ला झाल्याचे लिहिले आहे. मात्र भुलेच्या नोंदीवर भूलतज्ज्ञांनी स्वतःच्या अक्षरात 'फोन ३.४०, पोहोचलो ५.२५' असे लिहून ठेवले आहे. निर्णय होण्यापूर्वी एक तास दहा मिनिटे आधी भूलतज्ज्ञांना फोन कसा गेला? संमतीपत्रावर बहिणीची सही आहे, नकाराचा कोणताही कागद नाही.

निवृत्त_सिस्टर

चांगले चाललेल्या कळांमध्येही ठोके इतके एकसारखे राहत नाहीत. अर्थात तेवढ्यावरून कोणी काही ठरवू नये. त्या दिवशीच्या दोन्ही पाळ्यांच्या सिस्टरांची नावे हजेरीवर असतात.

तळकोकण_प्रसूतितज्ज्ञ

३.४० चा फोन दोन प्रकारे वाचता येतो. 'लागलेच तर तयार राहा' अशी आगाऊ सूचना देण्यासाठी आम्ही असे फोन करतो, आणि ती चांगली सवय आहे. पण मग 'ठोके १४०, सर्व ठीक' असताना सूचना देण्याची गरज का वाटली, हे त्या डॉक्टरांना सांगावे लागेल. बाळाच्या एमआरआय अहवालात नेमका कोणता भाग बाधित लिहिला आहे?

खाडीपलीकडे

'बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस' असे आहे. अपगार १ मिनिटाला २ आणि ५ मिनिटांना ४.

तळकोकण_प्रसूतितज्ज्ञ

ही मेंदूच्या खोल भागातील केंद्रेच आहेत. जन्माच्या आसपास घडलेल्या तीव्र घटनेशी हे जुळते. चयापचयाचे काही विकार असेच चित्र दाखवू शकतात, त्यामुळे ती तपासणी झाली असेल तर अहवाल जोडा, नसेल तर बालमेंदूरोगतज्ज्ञांना विचारा. तुमच्या बाजूने मत देणारा डॉक्टर जिल्ह्यात शोधू नका. आम्ही सगळे एकमेकांच्या लग्नाला जातो. मुंबई किंवा पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक कागद वाचून लेखी मत देतात.

सुपारीची_बाग

माझे मूळ मत कायम आहे, पण या कागदांनंतर मी 'जाऊ नका' असे म्हणणार नाही. फक्त बहिणीला प्रत्येक तारखेला पुण्याहून यावे लागेल, त्याचा विचार करा.

बिब्बा

यावे लागणार नाही. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही आता तक्रार करता येते. पुण्यातच दाखल करा, आणि तालुक्याच्या गावातील कुजबुजही टळेल.

जांभा_वकील

बिब्बा यांचे कायद्याचे म्हणणे बरोबर आहे, सल्ल्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. बाळाची आई पुण्यात, तज्ज्ञ पुण्यात, त्यामुळे पुणे सोयीचे. परंतु सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि मूळ नोंदवह्या सगळे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. मी असतो तर पुण्यात दाखल करून तक्रारीसोबतच मूळ केसपेपर, शस्त्रक्रिया कक्षाची नोंदवही आणि हजेरीपट हजर करण्याचा अर्ज दिला असता. दाखल ऑनलाइन, ई-जागृती पोर्टलवर करता येते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने मागता येते.

तक्रारदार म्हणून आई, वडील आणि आईमार्फत मूल अशी तिघांची नावे घाला. स्प्रिंग मेडोज प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आणि पालकांना स्वतंत्र भरपाई मान्य केली आहे. प्रतिवादी म्हणून प्रसूतिगृह आणि डॉक्टर पुरेत. भूलतज्ज्ञांना ओढू नका, त्यांची नोंद तुमच्या कामाची आहे. 'कागद बनावट आहेत' असे तक्रारीत लिहू नका. दोन नोंदी शेजारी मांडा आणि खुलासा मागा. बहिणीच्या घरी कोर्टाला विरोध आहे का?

खाडीपलीकडे

तिच्या सासऱ्यांचा होता. कागद वाचल्यावर त्यांनी स्वतःच विधी सेवा प्राधिकरणात चौकशी केली आणि सोमवारची वेळ घेतली आहे. पारिजात ताई, डोळे आणि कान तपासून झाले, खुब्याचा एक्स-रे राहिला होता, तो या आठवड्यात काढतो आहोत. सोमवारी जाताना आणखी काय न्यावे?

निवृत्त_सिस्टर

गरोदरपणातील सर्व सोनोग्राफी आणि तपासणीचे कार्ड न्या, म्हणजे आधी बाळ ठीक होते हे दिसेल. बाळाला हलवताना प्रसूतिगृहाने दिलेली रेफरल चिठ्ठी नवजात कक्षाच्या फाइलमध्ये लावलेली असते. तिची प्रत तेथून वेगळी मागून घ्या. ती चिठ्ठी घाईत, त्याच वेळी लिहिलेली असते आणि एकदा दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर ती कोणाला बदलता येत नाही.

जांभा_वकील

आणि रुग्णवाहिका १०८ ची असेल तर तिची वेळ स्वतंत्र नोंदलेली असते. माहितीच्या अधिकारात आजच अर्ज टाका. उत्तराला ३० दिवस लागतात आणि तेवढे तुमच्याकडे आहेत.